पणतीला ओस्लोची फूटपट्टी

जगभरातील 'अतिउजव्या' पक्षांची कोष्टके तयार करण्याचा उद्योग पाश्चात्त्य विद्यापीठांत गेली काही दशके जोमाने चालू आहे. आपल्याकडील इंग्रजी विचारवंत त्या कोष्टकांना वेदवाक्य मानतात. एका रकान्यात नॉर्वे, स्वीडन, हॉलंड, जर्मनी येथील लहानमोठे राष्ट्रवादी पक्ष मांडले जातात आणि शेजारच्या रकान्यात हिंदू महासभा, भारतीय जनसंघ व भारतीय जनता पक्ष यांची नावे लिहिली जातात. वर मथळा एकच. एवढे झाले की अभ्यास संपतो! मग बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या आडगावी एस.टी.ने उतरून, कोणाच्या तरी ओसरीवर दहा जणांची बैठक घेणारा जनसंघाचा कार्यकर्ता आणि ओस्लोच्या रस्त्यावर परदेशी माणसांच्या विरोधात फलक नाचवणारा तरुण, हे दोघे एकाच माळेचे मणी ठरतात.

या मांडणीची दखल घेण्याचे कारण असे की, ती आता केवळ सभागृहांपुरती उरलेली नाही. महाविद्यालयात शिकणारी मुले तीच भाषा घरी घेऊन येतात आणि ज्या आजोबांनी उभे आयुष्य संघकामात घालवले त्यांनाच विचारतात, 'तुम्ही म्हणजे आपल्याकडचे ते युरोपातले फॅसिस्टच ना?' या प्रश्नाला चिडून उत्तर देणे सोपे आहे. पण त्याने मुलाचे समाधान होत नाही. त्यासाठी आधी ही नॉर्वेची मंडळी कोण, ते नीट पाहावे लागते.

राष्ट्राचे नाव, परक्याची संगीन

नॉर्वे हा लहान देश. १८१४ साली १७ मे या दिवशी त्याने आपली राज्यघटना स्वीकारली, पण त्यानंतरही जवळजवळ नव्वद वर्षे तो स्वीडनच्या राजाच्या छत्राखाली राहिला. १९०५ मध्ये सार्वमत झाले. स्वीडनपासून वेगळे होण्याच्या बाजूने ३,६८,२०८ मते पडली आणि विरोधात अवघी १८४! एका राष्ट्राची इच्छा इतक्या स्पष्ट आकड्यात क्वचितच नोंदली गेली असेल. आजही १७ मे रोजी नॉर्वेच्या गावोगावी शाळकरी मुले राष्ट्रध्वज घेऊन मिरवणुका काढतात, स्त्री-पुरुष पारंपरिक पोशाख करून रस्त्यावर येतात. आपल्याकडील पुरोगामी प्रवासी ते दृश्य पाहून भारावतात. तीच माणसे आपल्या गावातील प्रभातफेरीत भगवा दिसला की कपाळाला आठ्या घालतात, हा भाग वेगळा.

याच नॉर्वेत १९३३ साली, राज्यघटनेच्या त्याच पवित्र दिवसाचा मुहूर्त साधून, व्हिडकुन क्विसलिंग या माजी संरक्षणमंत्र्याने 'नाशुनाल सामलिंग' नावाचा पक्ष काढला. नावाचा अर्थ 'राष्ट्रीय एकत्रीकरण'. नावात राष्ट्र होते, ध्वजावर जुन्या नॉर्वेजियन संतराजाचा क्रूस होता, भाषणांत पूर्वजांचे पोवाडे होते. मतदाराने मात्र या पक्षाला ओळखले होते. १९३३ च्या निवडणुकीत त्याला जेमतेम दोन टक्के मते पडली, १९३६ मध्ये दोनाहूनही कमी. संसदेत एकही जागा नाही.

मग ९ एप्रिल १९४० उजाडला. जर्मन फौजा नॉर्वेत उतरल्या आणि त्याच संध्याकाळी क्विसलिंगने आकाशवाणीवरून स्वतःला पंतप्रधान म्हणून घोषित केले. राजा सातवा हाकोन याने त्याला नेमण्यास साफ नकार दिला आणि परागंदा होऊन लढा चालू ठेवला. जर्मनांनाही काही दिवसांतच क्विसलिंग अडचणीचा वाटला आणि त्यांनी त्याला दूर केले. परंतु पुढे १९४२ मध्ये त्याच्याच हाती नामधारी सत्ता दिली. बाकी सर्व पक्षांवर बंदी आली. शिक्षकांनी सरकारी संघटनेत सामील व्हावे आणि मुलांना पक्षाची शिकवण द्यावी असा हुकूम निघाला, तेव्हा हजारो शिक्षकांनी तो धुडकावला. त्यांपैकी हजारावर शिक्षकांना अटक झाली आणि शेकडो जणांना थेट उत्तर ध्रुवाकडील किर्केनेस येथे सक्तमजुरीसाठी पाठवले गेले. तरी शिक्षक नमले नाहीत. याच राजवटीत नॉर्वेतील सातशेहून अधिक ज्यूंना पकडून जर्मनांच्या मृत्युछावण्यांकडे धाडण्यात आले. परतले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. १९४५ च्या २४ ऑक्टोबरला क्विसलिंगला गोळ्या घालण्यात आल्या. त्याचे आडनाव आज इंग्रजी शब्दकोशात 'देशद्रोही' या अर्थाने सामान्यनाम होऊन बसले आहे.

या इतिहासात राष्ट्रवादी कोण होता? नावात 'राष्ट्रीय' लावणारा क्विसलिंग, की नकार देणारा राजा आणि किर्केनेसच्या थंडीत दगड वाहणारा शाळामास्तर? कोष्टके आखणाऱ्यांना हा प्रश्न कधी पडत नाही. त्यांच्या लेखी 'राष्ट्रवाद' हा क्विसलिंगच्या मालकीचा शब्द असतो आणि शिक्षकाच्या वाट्याला फक्त 'प्रतिकार' येतो.

युद्धानंतर नॉर्वेत या नावाला कोणी हात लावला नाही. पुढे १९९० मध्ये 'फेड्रेलांड्स्पार्टी' म्हणजे पितृभूमी पक्ष निघाला. २००२ मध्ये विदार क्लेप्पे या नेत्याला त्याच्या मूळ पक्षातून काढल्यावर त्याने 'डेमोक्राटेने' स्थापन केला. २००७ मध्ये 'नॉर्गेस्पॅट्रिओटेने', म्हणजे नॉर्वेचे देशभक्त, अवतरले. १६९ जागांच्या संसदेत या तिघांपैकी एकालाही स्वतःच्या चिन्हावर एक जागा जिंकता आली नाही. कार्यक्रम काय, तर बाहेरून आलेल्यांना रोखा आणि हाकला. नेते भांडतात, पक्ष फुटतो, नवी पाटी लागते, काही वर्षांत तीही उतरते.

पणतीचा हिशेब

आता पणतीकडे वळू. २१ ऑक्टोबर १९५१ रोजी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी यांच्या नेतृत्वाखाली दिल्लीत भारतीय जनसंघाची स्थापना झाली. लगेच आलेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेच्या ४८९ जागांपैकी जनसंघाच्या पदरी पडल्या तीन! त्यांतल्या दोन बंगालमधल्या आणि एक राजस्थानातली. हिंदू महासभेला चार आणि रामराज्य परिषदेला तीन. तिन्ही मिळून दहा. या आकड्याकडे बोट दाखवून त्या काळच्या पंडितांनी भाकीत केले होते की, हे प्रकरण आता संपले. आकडाच पाहायचा तर जनसंघाची मते तीन टक्के, म्हणजे क्विसलिंगहून थोडी जास्त. फूटपट्टी लावणाऱ्याला आणखी काय हवे?

बुलढाण्यात तर चित्र याहून कोरडे होते. १९५२ मध्ये हा जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता आणि राजधानी नागपूर होती. बुलढाणा-अकोला या दोन सदस्यांच्या मतदारसंघातून काँग्रेसचे गोपाळराव खेडकर आणि लक्ष्मण भटकर निवडून गेले. पुढे १९५७, १९६२ आणि १९६७ असे सलग तीन वेळा काँग्रेसचे शिवराम रंगो राणे. १९७१ मध्येही काँग्रेसच. १९७७ च्या लाटेत जागा गेली ती रिपब्लिकन पक्षाच्या दौलत गुणाजी गवई यांच्याकडे. १९८० आणि १९८४ मध्ये वासनिक पितापुत्र. या विचाराचा झेंडा हाती घेतलेला माणूस बुलढाण्यातून लोकसभेत गेला तो १९८९ मध्ये, भारतीय जनता पक्षाचे सुखदेव नंदाजी काळे यांच्या रूपाने. स्थापनेपासून मोजले तर अडतीस वर्षे झाली होती.

अडतीस वर्षे! नॉर्वेचे देशभक्त चार-पाच वर्षांत दुकान बंद करतात, कारण त्यांच्यापाशी राग असतो आणि राग फार काळ पुरत नाही. बुलढाण्यातील कार्यकर्त्यापाशी जिंकण्याची आशा नव्हती, पद नव्हते, पैसा तर नव्हताच. उमेदवार उभा करायचा, अनामत जप्त होणार हे ठाऊक असूनही करायचा, निकालानंतर दुसऱ्या दिवशी शाखेत जायचे आणि पावसाळ्यानंतर पुन्हा गावोगाव प्रवास सुरू करायचा. याला कोष्टकात रकाना नाही.

येथे 'शेटजी-भटजींचा पक्ष' या जुन्या शिव्येचाही निकाल लावून टाकावा. १९७७ पासून २००४ पर्यंतच्या निवडणुकांत बुलढाण्याची लोकसभेची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होती. म्हणजे ज्या पक्षाला भटजींचा म्हणून हिणवले गेले, त्या पक्षाच्या चिन्हावर या जिल्ह्यातून लोकसभेत गेलेला पहिला आणि आजवरचा एकमेव माणूस राखीव मतदारसंघातून निवडून आला. (पुढे युतीच्या जागावाटपात ही जागा शिवसेनेकडे गेली.) विधानसभेत खामगावमधून १९७८ आणि १९८० मध्ये निवडून आलेले पांडुरंग उपाख्य भाऊसाहेब फुंडकर हे कापसाच्या पट्ट्यातील बहुजन समाजातले नेते. पुढे ते अकोल्याचे तीनदा खासदार, प्रदेशाध्यक्ष, विधान परिषदेतील विरोधी पक्षनेते आणि अखेर राज्याचे कृषिमंत्री झाले. ३१ मे २०१८ रोजी मंत्रिपदावर असतानाच त्यांचे निधन झाले. वसंतराव भागवतांनी माळी, धनगर, वंजारी अशा समाजांतून नेतृत्व उभे करण्याचा जो ध्यास घेतला होता, त्याची फळे मुंबईपुण्याच्या पत्रकारांना फार उशिरा दिसली. खेड्यातल्या माणसाला ती आधीच दिसत होती.

वऱ्हाडला शत्रू कल्पावा लागला नव्हता

युरोपातील या लहान पक्षांना शत्रू शोधावा लागतो. पोट भरण्यासाठी आलेला दुकानदार, टॅक्सीचालक, निर्वासित हा त्यांना राष्ट्रावरचे संकट वाटतो. हिंदू महासभा किंवा जनसंघ यांना त्याच तागडीत घालणाऱ्याने वऱ्हाडचा इतिहास एकदा तरी वाचायला हवा होता.

१८५३ मध्ये निजामाने आपल्या कंटिंजंट फौजेच्या देण्यापोटी वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात दिले. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात त्याचा कायमचा पट्टा करून घेतला. पण मालक कोण? कागदोपत्री निजामच! १९३६ च्या करारात तर ब्रिटिशांनी निजामाचे सार्वभौमत्व पुन्हा मान्य केले, त्याच्या पदवीत 'हैदराबाद आणि वऱ्हाड' असा उल्लेख आला, त्याच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला आणि वऱ्हाडात युनियन जॅकच्या शेजारी निजामाचा झेंडा लावण्याची तरतूद झाली. मेहकर, चिखली, मलकापूर, खामगाव येथील माणूस एकाच वेळी दोन परक्यांचा प्रजाजन होता. जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेडराजा ज्या मातीत आहे, त्या मातीवर निजामाच्या मुलाचा किताब मिरवला जात होता. आणि देऊळगावराजा ओलांडून पलीकडे पाऊल टाकले की जालन्याच्या बाजूला प्रत्यक्ष निजामी अंमल सुरू होत असे. तेथे सभा, संस्था, वृत्तपत्र, मंदिराची मिरवणूक अशा साध्या गोष्टींनाही परवानगी मागावी लागे.

त्या अंमलाविरुद्ध १९३८ मध्ये भागानगरचा निःशस्त्र प्रतिकार उभा राहिला. हैदराबाद स्टेट काँग्रेसने ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू केला आणि गांधीजींच्या सल्ल्याने डिसेंबरात तो स्थगित केला. त्यानंतर मैदानात उरले ते आर्य समाज आणि स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या नेतृत्वाखालची हिंदू महासभा. या दोहोंच्या तुकड्या बाहेरच्या प्रांतांतून निजामाच्या हद्दीत शिरत राहिल्या, तुरुंग भरत राहिले, आणि १९३९ च्या जुलैत निजामाला सुधारणांची घोषणा करावी लागली तेव्हाच हा लढा थांबला. सुधारणा तुटपुंज्या होत्या हे खरे. पुढे १९४७-४८ चा निर्णायक संघर्ष स्वामी रामानंद तीर्थ आणि स्टेट काँग्रेसने चालवला. ते श्रेय कोणी काढून घेण्याचे कारण नाही. मात्र विधिमंडळांत मूठभर जागा असलेल्या एका लहान पक्षाने जुलमी राजवटीविरुद्ध नागरी हक्कांसाठी निःशस्त्र सत्याग्रह केला, ही वस्तुस्थिती पुसून 'लहान पक्ष, मोठा द्वेष' असे समीकरण मांडणे हा अप्रामाणिकपणा आहे. नॉर्वेच्या क्विसलिंगने परक्या फौजेचे स्वागत केले होते. येथे लोक परक्या सत्तेच्या तुरुंगात गेले. यांतले साम्य दाखवायला विशेष प्रतिभा लागते.

मुंजे, मुसोलिनी आणि सोयीची स्मरणशक्ती

यावर ठेवणीतले अस्त्र बाहेर येते. डॉ. बा. शि. मुंजे गोलमेज परिषदेहून परतताना मार्च १९३१ मध्ये रोमला गेले, मुसोलिनीला भेटले, तेथील तरुणांच्या लष्करी संघटना पाहून प्रभावित झाले आणि तसे त्यांनी आपल्या दैनंदिनीत लिहून ठेवले. २००० साली मार्झिया कासोलारी या इटालियन संशोधिकेने हे सविस्तर मांडल्यापासून पुरोगामी वर्तुळात या भेटीची पारायणे चालू आहेत.

भेट झाली होती, ती लपवण्याचे कारण नाही. मुंजे प्रभावित झाले होते, तेही नाकारू नये. त्या दशकातील काही नेत्यांची जर्मनी-इटलीविषयीची वाक्ये आज वाचताना खटकतात आणि ती खटकलीच पाहिजेत. पण मग निकष सर्वांना एकच लावावा. त्याच वर्षी डिसेंबरात गांधीजी रोमला मुसोलिनीला भेटले. त्याआधी १९२६ मध्ये रवींद्रनाथ त्याच्या सरकारचे पाहुणे होते. परतल्यावर त्यांनी आपले मत बदलले, हा त्यांचा मोठेपणा. सुभाषबाबूंचे तर सर्वश्रुत आहे. गुलाम देशाचा माणूस युरोपात गेला की इंग्रजांना हादरवणारी शक्ती कोणती, हे तो शोधत असे. मुंज्यांच्या त्या प्रवासातून निघाले काय? १९३७ मध्ये नाशिकला भोसला सैनिकी विद्यालय निघाले. मुंज्यांना हवा होता तो सैन्यात जाऊ शकणारा, इंग्रजांनी 'लढाऊ नव्हे' असा शिक्का मारलेल्या समाजांतला हिंदी तरुण. त्या शाळेतून परदेशी फौजेला दार उघडणारा कोणी निघाला काय?

त्याहून महत्त्वाची गोष्ट टीकाकार कटाक्षाने टाळतात. गांधीहत्येच्या भयंकर घटनेनंतर १९४८ मध्ये डॉ. मुखर्जी यांनी हिंदू महासभेपुढे प्रश्न ठेवला: राजकारण करायचे असेल तर पक्षाची दारे सर्व नागरिकांना उघडा, नाहीतर राजकारण सोडा. महासभेने ऐकले नाही, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुखर्जी तिच्यातून बाहेर पडले. १९५१ मध्ये काढलेल्या जनसंघाचे सदस्यत्व धर्म वा जात न पाहता प्रत्येक भारतीयास खुले होते. नाशुनाल सामलिंगच्या राजवटीने १९४२ मध्ये ज्यूंना नॉर्वेत प्रवेशबंदी करणारे जुने कलम राज्यघटनेत परत घातले; आणि येथे कोकणात शेकडो वर्षे 'शनिवार तेली' म्हणून ओळखले जाणारे, घरात मराठी बोलणारे बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवत सुखाने नांदत होते. त्यांना हिंदू समाजाने कधी त्यांचा शनिवार मोडायला लावला नाही. राष्ट्र म्हणजे रक्ताची शुद्धता, ही कल्पना या मातीत रुजलेली नाही. दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत चार व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. त्यात व्यक्ती, समाज, सृष्टी आणि परमेष्ठी यांच्या परस्परपूरकतेचा विचार आहे. त्याशी कोणी असहमत होऊ शकतो. पण त्याला वंशवाद म्हणण्यासाठी ते न वाचण्याची खबरदारी घ्यावी लागते.

आणि सत्तेचे काय? ११ मे १९५३ रोजी परवाना न घेता मुखर्जी जम्मू-काश्मीरमध्ये शिरले, अटक झाले आणि २३ जूनला श्रीनगरमध्ये कैदेतच त्यांचा अंत झाला. स्थापनेनंतर दोन वर्षेही झाली नव्हती आणि पक्षाचा संस्थापक गेला होता. १९६७ मध्ये ३५ खासदार असलेल्या या पक्षाने दहा वर्षांनी, आणीबाणीनंतर, लोकशाहीच्या रक्षणासाठी स्वतःला जनता पक्षात विसर्जित केले. चिन्ह सोडले, नाव सोडले, झेंडा सोडला. युरोपातील कोणत्या 'अतिउजव्या' पक्षाने हुकूमशाहीविरुद्ध तुरुंगवास भोगून नंतर स्वतःचे अस्तित्व मिटवले, हे कोष्टककारांनी दाखवावे.

खुन्याच्या बाडातली नावे

२२ जुलै २०११ रोजी ओस्लो आणि उटोया बेटावर एका माथेफिरूने ७७ जणांची हत्या केली. त्यांत बहुसंख्य कोवळी मुले होती. त्याने इंटरनेटवर पसरवलेल्या सुमारे दीड हजार पानांच्या बाडात भारतातील हिंदुत्ववादी संघटनांची नावे सापडली आणि आपल्याकडील इंग्रजी वृत्तपत्रांना जणू पर्वणी मिळाली. कोठून कोठून उतरवून चिकटवलेल्या त्या मजकुरात नाव आले म्हणून नाते जुळत असेल, तर त्या बाडात नावे आलेल्या प्रत्येकाला पिंजऱ्यात उभे करावे लागेल. या संघटनांना त्याचे नावही ठाऊक नव्हते.

तरीही एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. त्या वेळी 'मार्ग चुकला, पण मुद्दा बरोबर' अशी भाषा ज्या कोणी केली, त्याने हिंदू विचाराची कोणतीही सेवा केली नाही. उन्हाळी शिबिराला आलेल्या मुलांवर गोळ्या झाडणाऱ्याच्या कृत्यात हिंदूने पाहावा असा कोणताही 'मुद्दा' नसतो.

फूटपट्टी आपल्या घरात

हा शेवटचा धागा थोडा पुढे नेला पाहिजे, कारण खरा धोका कोष्टक आखणाऱ्या प्राध्यापकापेक्षा अधिक जवळचा आहे. पक्ष आता लहान राहिलेला नाही. दिल्लीत सत्ता आली, मुंबईत आली, नगरपरिषदांत आली. कालपर्यंत पणतीला हसणारे आज पहिल्या रांगेत खुर्च्या अडवून बसतात, आणि ज्याने अडतीस वर्षे अनामत गमावली त्याच्या घरच्या माणसाला सभेचे निमंत्रणही कधी कधी पोचत नाही. मोठ्या घरात अशा गोष्टी होतात, असे म्हणून त्या सोडून देता येतील. पण मोबाइलवर रात्रंदिवस कोणाला तरी शिव्या देणे म्हणजेच राष्ट्रकार्य, असे समजणारा एक वर्ग तयार झाला आहे. त्याला दीनदयाळजी ठाऊक नाहीत आणि भागानगरही नाही. आपल्या तालुक्यात मागच्या महिन्यात कोणत्या घरी कर्त्या पुरुषाने गळफास घेतला, हेही तो सांगू शकत नाही. त्याला फक्त कोणाविरुद्ध बोलायचे ते ठाऊक आहे. नॉर्वेच्या त्या चार दिवसांच्या पक्षांचा संपूर्ण कार्यक्रम एवढाच होता. ओस्लोची फूटपट्टी घेऊन फिरणाऱ्याला हवा असलेला पुरावा हा माणूस रोज फुकट पुरवतो.

बुलढाण्यात करायला काम कमी आहे काय? २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यांत हा जिल्हा होता. तो त्या यादीत का आला, याचे उत्तर कापूस पिकवणाऱ्याच्या घरी जाऊनच मिळते. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी इंग्रजांच्या अमदानीपासूनची आहे. पिढ्यान्‌पिढ्या निवेदने देण्यात गेल्या. पूर्णेवरचा जिगाव प्रकल्प नव्वदच्या दशकात मंजूर झाला. त्याचा खर्च किती पटींनी वाढला आणि बुडीत क्षेत्रातल्या गावांनी किती वर्षे अधांतरी काढली, ते नांदुरा तालुक्यात विचारावे. दुसरीकडे त्याच जिल्ह्यात शेगावचे गजानन महाराज संस्थान आहे. तेथे कोणाची जात विचारली जात नाही. सेवेकरी पाळी लावून, एक पैसा न घेता झाडलोट करतात, वाढप करतात. हिंदू समाज संघटित झाला की कसा दिसतो, हे पाहायला ओस्लोला जावे लागत नाही.

जनसंघाच्या काळातील कार्यकर्त्याला कामाची ही यादी पाठ असे, कारण तो बसने, सायकलने, पायी हिंडत असे आणि मुक्काम लोकांच्या घरी करीत असे. जेथे जेवला त्या घरची विहीर आटली की त्याला ते कळत असे. त्याच्याजवळ आमदार नव्हता, तरी तहसील कार्यालयात त्याचा अर्ज गंभीरपणे घेतला जाई.

त्या पिढीतले जे हयात आहेत ते आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, देऊळगावराजा येथील जुन्या घरांत अद्याप कोठे कोठे पत्र्याच्या ट्रंका आहेत. त्यांत पणतीची पत्रके आहेत, वर्गणीची पावतीपुस्तके आहेत, बैठकींची इतिवृत्ते आहेत, आणीबाणीत तुरुंगातून घरी पाठवलेली पोस्टकार्डे आहेत. हैदराबादच्या लढ्यात गेलेल्यांच्या आठवणी तर आता मुलांच्या आणि नातवंडांच्याच तोंडी उरल्या आहेत. हा कागद वाळवी खाण्याआधी कोणी उतरवून घेतला नाही, तर बुलढाण्यातील या चळवळीचा इतिहास लिहिला जाईल तो त्या कोष्टकांवरूनच. प्रत्येक तालुक्यातील महाविद्यालयीन तरुणांनी दोन-दोनच्या जोडीने या दिवाळीच्या सुट्टीत ही घरे गाठावीत, वही आणि ध्वनिमुद्रणाची सोय बरोबर न्यावी, आणि आधी गावातील सर्वांत वृद्ध कार्यकर्त्याकडे जावे.